उद्घाटनाची कोरी ओळ

माझी नणंद लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणारा चालवतो आणि ही शेजारच्या सीटवर बसते. तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून तिची अशी समजूत झालीय की कुठंही काही बिघडायला लागलं की शेजारी कुणीतरी बसलेलं असतं आणि ते वेळेवर पाय दाबतं. रुग्णालयाच्या बाबतीत ते शेजारी बसलेलं माणूस म्हणजे मी.

मी तिथं फोनवर बसते. ज्यांच्या तपासणीत काही वाईट निघालंय आणि ज्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, त्यांना बोलावून घ्यायचं हे माझं काम. वाक्यं ठरलेली आहेत. "आपला रिपोर्ट आलाय. डॉक्टरांना भेटायला यावं लागेल. येताना सोबत कुणीतरी घेऊन या." रिपोर्टमध्ये काय आहे ते मी सांगायचं नसतं. पण शेवटच्या वाक्यावर पलीकडचा माणूस गप्प होतो. चांगली बातमी ऐकायला सोबत लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या वाक्याचा भयंकर तिटकारा आहे आणि पगार मात्र मला त्याच वाक्याचा मिळतो.

रविवारी नणंद जेवायला आली होती. आम्ही तिला खारू म्हणतो, कारण ती खारीसारखी सतत काहीतरी कुरतडत असते आणि तिच्या गाडीच्या कप्प्यात दाणे, बिस्किटं, सुकामेवा असा साठा असतो. त्या दिवशी खारूनं अर्ध्या जेवणात ताट सरकवलं. मी म्हटलं, "काय गं, येताना कप्पा रिकामा केलास वाटतं?" ती हसली. मग तिला वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितला तर तिनं डावा हात खांद्यापर्यंत नेला, थांबली, आणि उजव्या हातानं काढला. गेल्या वर्षी अंगाला घट्ट बसणारं तिचं जाकीट खांद्यावरून ओघळत होतं.

माझा नवरा बाहेर गेल्यावर मी विचारलं, "त्या गाठीचं काय झालं?"

गाठीचं आम्हा दोघींनाच माहीत होतं. छातीत, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी. नवीन वर्षाच्या सुमारास तिनं आमच्याच रुग्णालयात तुकडा तपासायला दिला होता. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, काही असलं तर फोन येईल. पुढे ते डॉक्टर नोकरी सोडून गेले. भावाला उगाच घोर नको म्हणून तिनं त्याला काही सांगितलं नव्हतं.

"काय व्हायचंय?" खारू म्हणाली. "तुझा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक. तूच तर सांगितलं होतंस ना, यादीत माझं नाव नाही म्हणून."

सांगितलं होतं खरं. तिनं विचारलं तेव्हा मी माझ्या संगणकाचा पडदा बघितला होता आणि बघून सांगितलं होतं.

"पण दुखतंय का?"

"दिवसभर स्टिअरिंगवर झडप घालत असते मी, वहिनी. हात दुखणार नाही तर काय?" मग तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "आणि हे बघ, उगाच ऑफिसच्या नंबरावरून कधी फोन करू नकोस हं. एखादा विनोद सांगायलासुद्धा नको. तो नंबर दिसला तर मी जागच्या जागी मरेन."

मी हसले. पण रात्रभर ते ओघळणारं जाकीट माझ्या डोळ्यासमोरून हललं नाही.

आता आमच्या यादीबद्दल सांगायला हवं. पूर्वी प्रयोगशाळेतली बाई वाईट रिपोर्टांचा गठ्ठा आणून माझ्या टेबलावर आपटायची आणि संध्याकाळपर्यंत मी तो संपवायची. मग खारूच्या तपासणीच्या थोडं आधी नवी पद्धत आली. आता प्रयोगशाळा तिचे निकाल एका तक्त्यात भरते, त्याचं नाव 'रिपोर्ट'. डॉक्टरांनी रोग्याला सांगितलं की ते, किंवा मी फोन केला की मी, आपापल्या पडद्यावर बटण दाबायचं आणि दुसऱ्या तक्त्यात नोंद होते, त्याचं नाव 'कळवलं'. रोज सकाळी मशीन दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघतं. वाईट निकाल निघालेल्या ज्या रोग्यांचे नंबर पहिल्यात आहेत पण दुसऱ्यात नाहीत, ते राहून गेलेले लोक. तेवढेच माझ्या पडद्यावर येणार आणि तेवढ्यांनाच मी फोन करायचा.

पद्धत सुरू झाली त्या दिवसापासून माझा पडदा रिकामा होता. राहिलेले: शून्य. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, ते शून्य दरवाजाजवळच्या मोठ्या फलकावर लावलं. हिरव्या रंगात. बाहेरची माणसं बघायला यायची आणि साहेब त्या शून्यासमोर उभे राहून फोटो काढून घ्यायचे. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. ते वाक्य म्हणावं लागत नाही म्हणून मी खूष होते. मला भेटीच्या वेळा ठरवायचे फोन दिले, आणि कुणी वेळ बदलून मागितली तरी मी गोडीनं बोलायला लागले. नवरा म्हणाला होता, हल्ली तू घरी आल्यावर भांडी आपटत नाहीस.

सोमवारी सकाळी मी थेट संगणकवाल्याच्या खोलीत गेले. त्याला सगळे पंखा म्हणतात. त्या खोलीत यंत्रं गार ठेवायला चार पंखे घोंघावत असतात आणि हा स्वतःही बोलताना मान डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो. दोन्ही तक्ते, आणि त्यांची गाठ घालायला मशीनला रोज सकाळी विचारला जाणारा प्रश्न, सगळं यानंच बसवलेलं. माणूस भला आहे, पण त्याला काही विचारलं की आधी दहा मिनिटं तुम्ही प्रश्न कसा चुकीचा विचारलात ते सांगतो.

"एक नंबर बघून दे," मी म्हटलं.

"तुम्हाला रिपोर्ट बघायची परवानगी नाही, ताई."

"रिपोर्ट नको बघूस. नंबर कुठल्या तक्त्यात आहे तेवढं सांग."

"कुणाचा नंबर आहे?"

"माझ्या नणंदेचा."

त्यानं मान फिरवायची थांबवली. नंबर घातला. "पहिल्यात आहे," तो म्हणाला. मग पडद्याला बोट लावून, "लाल खूण आहे." लाल खूण म्हणजे वाईट. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. मनात म्हटलं, सांगितलं असेल कुणीतरी तिला, आणि ती आमच्यापासून लपवत असेल. खारच ती, लपवणारच.

"दुसऱ्यात?"

त्यानं नंबर पुन्हा घातला. पुन्हा बघितला. "दुसऱ्यात नाही."

"मग ती माझ्या पडद्यावर का नाही आली?"

"येणारच. यायलाच हवी." त्यानं सकाळचा प्रश्न पुन्हा चालवला. राहिलेले: शून्य. परत चालवला. शून्य. मग त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, बसा जरा."

मी बसले नाही. माझं माणूस एका तक्त्यात लाल होतं आणि दुसऱ्यात नव्हतंच, आणि हा मला बसायला सांगत होता. तो 'कळवलं' तक्ता उलगडत गेला, तारखांनी मागं मागं, अगदी पहिल्या ओळीपर्यंत. त्या ओळीत तारीख होती, वेळ होती, खूण होती. नंबराची जागा कोरी होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

पंख्याला आठवायला वेळ लागला नाही. मलाही नाही. त्या दिवशी मी तिथंच होते, टाळ्या वाजवत. साहेबांनी फीत कापली. मग कुणीतरी म्हणालं, पहिलं बटण साहेबांनीच दाबावं. साहेबांनी नंबर वगैरे काही न घालता रिकाम्या चौकटीवर 'कळवलं' दाबलं, छायाचित्रकारासाठी आणखी एकदा बोट ठेवून दाखवलं, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाही न कळवता आमची पहिली नोंद झाली.

"पण एका कोऱ्या ओळीनं काय बिघडतं?"

पंखा खूप हळू बोलला. "मी मशीनला विचारतो, हा नंबर त्या तक्त्यात नाही ना? मशीन एकेक ओळ बघतं. हा नव्हे, हा नव्हे, हाही नव्हे. मग ही कोरी ओळ येते. इथं काय लिहिलंय? माहीत नाही. कदाचित हाच नंबर असेल. मग त्याला छातीठोकपणे 'नाही' म्हणता येत नाही. आणि ज्याची खात्री नाही ते मशीन दाखवत नाही."

"एकालाही?"

"एकालाही नाही. प्रत्येकाच्या वेळी ती कोरी ओळ आडवी येते."

"मग 'मला माहीत नाही' एवढं तरी म्हणायचं की त्यानं!"

"तसं म्हणत नाही ते, ताई. गप्प बसतं. आणि ते गप्प बसणं फलकावर शून्य म्हणून दिसतं." त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "शिकाऊ पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात सांगतो, असा प्रश्न विचारायचा नाही, आधी कोऱ्या जागा वगळायच्या. मी स्वतः सांगतो. ओळ साहेबांची, पण प्रश्न माझा आहे."

मला त्याची कीव आली नाही. आज आली तर येईल, त्या वेळी नाही आली. मी म्हटलं, "आता नीट विचार."

त्यानं प्रश्न बदलला. पहिल्यातला एकेक नंबर घे, दुसऱ्यात त्याची जोडी सापडते का बघ, न सापडली तर दाखव. बटण दाबलं आणि पडदा भरला. खाली सरकवला तर आणखी भरला. तो सरकवतच राहिला. मधे माझी नणंद येऊन गेली, तिचं खरं नाव, पूर्ण, जे आम्ही घरी कधी घेत नाही. ते तसं परक्यासारखं छापलेलं बघून मला रडू फुटलं. पंखे घोंघावत होते म्हणून बाहेर कुणाला ऐकू गेलं नसावं.

पंखा म्हणाला, "थांबा, एक बघतो." त्यानं तिसरा तक्ता उघडला, मरण पावलेल्यांचा, आणि ती यादी त्याच्याशी जुळवली. काही ओळी करड्या झाल्या. फार नाही, पण झाल्या. "यांना फोन करायची गरज नाही," तो म्हणाला आणि स्वतःच्याच वाक्याला घाबरल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

खारूची ओळ करडी नव्हती.

मी तिचा नंबर हातावर लिहून गाठींच्या डॉक्टरांकडे गेले. त्या नव्या आलेल्या, तोंडानं फटकळ, पण रोग्याशी खोटं न बोलणाऱ्या. दोन रोग्यांच्या मधे आत घुसले आणि माझ्या नणंदेचा नंबर आहे असं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट उघडला, वाचला, मग तारीख बघितली आणि पुन्हा वाचला.

"ही आता कशी आहे?"

"हात वर होत नाही. जेवण गेलंय. कपडे ढगळ झालेत."

"तेव्हाच आली असती तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. फटकळ माणसानं वाक्य अर्धं सोडलं की उरलेलं ऐकायची गरज राहत नाही. मग त्या म्हणाल्या, "आजच आणा. मी थांबते. काय करता येईल ते बघू, पण आता बरं करण्याचं बोलू नका तिच्याशी. ते मी बोलेन."

मी परत आले तेव्हा मोठे साहेब पंख्याच्या खोलीत होते. पंख्यानंच त्यांना बोलावलं होतं. साहेबांनी दार लावून घेतलं.

"झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. आवाज शांत होता. साहेबांचा आवाज कायम शांत असतो, तेवढ्यासाठीच ते साहेब झालेत. "पण घाबरून काही होणार नाही. ती कोरी ओळ पुसून टाका. आणि यादी एकदम सोडू नका. रोज थोडे थोडे नंबर येऊ द्यात. फलकावर आज दोन, उद्या तीन. तसं स्वाभाविक दिसेल. सगळे एका दिवशी आले तर बोभाटा होईल आणि लोकांचा रुग्णालयावरचा विश्वास उडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब," मी म्हटलं, "मूठ उघडली की आत माणसं आहेत."

"मला भावना कळतात तुमच्या. यांनी सांगितलं, तुमच्या घरचं कुणी आहे यादीत. त्यांना तुम्ही आज पहिलं घ्या. माझी काही हरकत नाही."

ते हे मेहेरबानी म्हणून बोलत होते. ते मनानं दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं. फोटोत हसतात तसंच मवाळ तोंड करून ते मला माझी नणंद बक्षीस देत होते आणि बदल्यात बाकीच्यांना रोज दोन-तीन करून मरू द्यायला सांगत होते.

"घेईन की," मी म्हटलं. "तिलाच पहिलं घेईन, मी काही संत नाही. पण त्यानंतर सगळे आजच. फोन माझ्या टेबलावर आहे आणि तोंड माझ्या ताब्यात आहे."

"यादी तुमच्या पडद्यावर आली तर ना," साहेब शांतपणे म्हणाले.

पंख्याची मान डावीकडून उजवीकडे फिरली आणि मधे थांबली. "ती मघाशीच सोडली साहेब," तो म्हणाला. "पूर्ण. आणि ती कोरी ओळ मी पुसलेली नाही. राहू दे तिथं. कुणीतरी विचारायला येईलच."

साहेब दार उघडून गेले. जाताना त्यांच्या मागं फलक दिसला, तोवर त्याच्यावरचं शून्य गेलं होतं आणि हिरव्या रंगातच एक मोठा आकडा आला होता. रंग बदलायची सोयच कुणी केलेली नव्हती.

मी माझ्या टेबलावर येऊन बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आख्ख्या गावाला फोन करणारी बाई, आणि जी दर रविवारी माझ्या शेजारी बसून जेवते तिला सांगायचं राहून गेलं. माझा स्वतःचा मोबाईल पर्समध्ये होता. मी तो काढला. त्यावरून केला असता तर तिला दचकायला झालं नसतं. मी म्हटलं असतं, अगं सहज ये, एक तपासणी करून टाकू, जेवायला बाहेर जाऊ. आणि ती आली असती, कप्प्यातले दाणे खात, गाणं म्हणत. पण इतके दिवस तिनं माझं गप्प बसणं खरं मानलं होतं. आता निदान फोन तरी खरा यायला हवा होता.

मी ऑफिसचा फोन उचलला आणि नंबर लावला.

पहिल्याच घंटेला तिनं घेतला. मागं गाडीचा आवाज होता आणि कुणीतरी शिकाऊ गिअर खरडत होता. "क्लच दाब, क्लच, अहो दुसरा पाय!" ती ओरडली, आणि मग मला, "वहिनी? ऑफिसच्या नंबरावरून? काय झालं? दादाला काही झालं का?"

ती स्वतःसाठी घाबरली नव्हती. तिची ती काळजी मी कधीच मिटवून टाकली होती.

"दादा ठीक आहे," मी म्हटलं. "गाडी बाजूला घे."

"घेतली. बोल."

मला माझे शब्द सापडेनात.  मग तोंडात आपोआप आली ती ठरलेलीच वाक्यं. "आपला रिपोर्ट आलाय," मी माझ्या नणंदेला म्हटलं. "डॉक्टरांना भेटायला यावं लागेल. आजच." आणि मग ते तिसरं वाक्य, कारण त्याच्यावाचून मला फोन पुरा करता येत नाही. "येताना सोबत कुणीतरी घेऊन या."

पलीकडे गाडीचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. शिकाऊ काहीतरी विचारत होता.

"सोबत कुणाला आणू गं?" खारू म्हणाली. "तू आहेस की तिथं."

मी हो म्हटलं. आहे, म्हटलं, दारातच उभी राहते, म्हटलं. तिनं फोन ठेवला. मी तिच्या नावापुढे 'कळवलं' दाबलं. तिची ओळ पडद्यावरून गेली आणि खालची वर सरकली. ती येऊन पोहोचेपर्यंत किती फोन होतील असा हिशेब मी केला नाही, नंबर लावला.